बारा पावलं वर

४ नोव्हेंबर, सोमवार

म्बोने, वही इतक्या उशिरा उघडतोय, रागावू नकोस. सप्टेंबरात मोम्बासाच्या दवाखान्यात कामावर परत जाताना तू ती माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "बाबा, बांधकामाचं रोजच्या रोज लिहायचं. कोण आलं, काय झालं. मग कुणाला खोटं बोलता येत नाही." मी हो म्हणालो. मग पेन सापडेना. पेन सापडलं तर चष्मा सापडेना. खरं सांगायचं तर चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला कोरी वही बघून धडकी भरते. नऊ आठवडे तसेच गेले. पण तुझं काही बुडालं नाही, कारण त्या नऊ आठवड्यांत इथेही कुणी कुदळ मारली नाही.

आज फलक लागला. प्रसूतिगृह, सहा खाटा, मुदत सव्वीस आठवडे. खाली गावच्या समितीचा अध्यक्ष म्हणून माझं नाव, झकायो अगुफाना. काहीतरी कारण काढून मी तीनदा त्या फलकासमोरून गेलो. सव्वीस आठवडे म्हणजे मे महिना. इमारत उभी राहिली की इथे नर्स लागणार आणि ती तू असणार, असं आरोग्य खात्यातल्या बाईंनी तुला सांगितलंय. मी हे सारखं मनात घोळवतो. मग वाटतं, इतकं घोळवू नये, बिघडेल.

जमीन मी दिली आहे, तेव्हा जबाबदारीही माझीच. काल दोन वेळा झोपेतून उठून कुंपणाकडे जाऊन आलो. कुणी काही नेलं नव्हतं. न्यायला तिथे अजून काही नाहीच.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काउंटी सरकारची इंजिनिअर आली. केरुबो नाव, किसी गावाकडची, तुझ्याहून लहान. बरोबर ठेकेदाराचा मुकादम, आपला खालच्या आळीतला चाहिलू. दोघांनी नकाशा दगडावर पसरला, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दुपारपर्यंत आखणी झाली. सगळं ठीक होतं. मग केरुबोने खालच्या कोपऱ्यात, लुसिओलाच्या झाडापाशी आणखी चार खुंट्या ठोकल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"संडासाची टाकी, बाबा. झाड काढावं लागेल."

"टाकी वरच्या अंगाला नाही का घेता येणार?"

चाहिलू म्हणाला, "चेअरमन, घाण पाणी वर चढत नाही. तुम्ही फलकावर नाव लावलंत म्हणून ते तुमचं ऐकेल असं नाही."

मजूर हसले. केरुबो हसली नाही. "त्या झाडाचं काही आहे का?" असं तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. सावली चांगली आहे."

९ नोव्हेंबर, शनिवार

हे पान मी मागाहून फाडणार आहे, म्हणजे तू हे वाचणार नाहीस, म्हणून लिहितो.

तुझ्याआधी एक मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. तेव्हा मी केरिचोला चहाच्या मळ्यात कामाला होतो. निरोप पोचून मी घरी येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. तोवर म्हाताऱ्या बायकांनी सगळं उरकलं होतं. अशा मुलाला बायकाच पुरतात. बापाला जागा दाखवत नाहीत, बापही विचारत नाही. पाहुण्यांना जेवण नाही, रडणं नाही, नाव नाही. तुझ्या आईने, कवेत्साने, पुढे कधी शब्द काढला नाही. पण रोज संध्याकाळी ती खालच्या तुकड्यात लुसिओलाच्या झाडाखाली जाऊन बसायची. तेव्हा ते रोपटं होतं. मी समजलो. मी त्या कोपऱ्यात कधी नांगर घातला नाही, आणि ती बसलेली असताना कधी तिकडे फिरकलो नाही. ती जाईपर्यंत तिचं दुःख तिच्याजवळ राहू दिलं.

त्या वेळी डोंगरावर एक खोली असती, एक दाई, एक दिवा असता, तर ती मुलगी आज म्हातारी व्हायला लागली असती. जमीन देताना माझ्या मनात तेच होतं. आता तिच्या डोक्यावर ते संडासाची टाकी बांधणार.

केरुबोला कसं सांगू? परकी मुलगी, वयाने नातीसारखी, त्यातून हे बायकांमधलं.

१० नोव्हेंबर, रविवार

पोट बिघडलं म्हणून चर्चला गेलो नाही. सगळे तिकडे गेल्यावर मी खुंट्या सरकवल्या. सगळ्याच, बारा पावलं वर, म्हणजे टाकी झाडापासून लांब पडते. मळ्यात दोन वर्षं मी चहाच्या ओळी आखायचं काम केलंय. काटकोन अजून हातात आहे. दोरी पुन्हा ताणून बांधली, कुणाला कळणार नाही. बारा पावलांनी काय होतं? जमीन तर माझीच दिलेली.

लोक परत आले तेव्हा मी अंगणात झोपलो होतो. शेजारणीने पेज आणून दिली. ती पिताना मला लाज वाटली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तीन फुटांवर खडक लागला. असा तसा नाही, आपल्या डोंगराचा काळा खडक, हत्तीच्या पाठीएवढा. चाहिलूने पहार आपटली, ती टणकन उडाली. "चेअरमन, तुमच्या जमिनीला दात आहेत," तो म्हणाला.

माझं नशीबच असं. अर्धा एकर दिली त्यातही खडक निघावा.

१३ डिसेंबर, शुक्रवार

खडकावर लाकडं पेटवायची, तापला की पाणी ओतायचं, तडकला की घणाने फोडायचा. दिवसाकाठी दोन टोपल्या निघतात. दहा मजूर होते, आता चार उरले. बाकीचे म्हणाले, नाताळ आलाय, आम्ही दगडाला मारून काय साजरा करू. सहा आठवडे झाले आणि पायाचा एक कोपराही पुरा नाही. मी चाहिलूला रोज विचारतो. काल तो म्हणाला, "तुम्ही रोज विचारता म्हणून तो खडक आणखी आवळून बसतो."

१९ डिसेंबर, गुरुवार

केरुबो आली. पायाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग पिशवीतून कागद काढला.

"मागच्या वर्षी इथे पाच ठिकाणी खड्डे घेतले होते. सहा फुटांपर्यंत मऊ माती. हा खडक कुठून आला?"

चाहिलू खाली बघत होता. मी म्हटलं, "मुली, आमच्या डोंगरात खडक कुठेही निघतो. तुमच्या कागदाला काय माहीत."

ती म्हणाली, "तसंही असेल." आता खडकाचं काम जादा, म्हणून त्याला वेगळी मंजुरी हवी. ती येईपर्यंत काम थांबवायचं. बघ, हे सगळे लोक कसे आहेत. खड्डे नीट घेतले असते तर ही वेळ आली नसती.

१४ जानेवारी, मंगळवार

काउंटीच्या कचेरीत जाऊन आलो. तीन तास बाकावर बसलो. कारकून भला माणूस, त्याने मला चहा दिला.

"म्हातारबाबा, तुमची फाईल माझ्याकडून गेली."

"कुठे गेली?"

"शेजारच्या टेबलावर."

"मग त्यांना विचारतो."

"ते रजेवर आहेत. बापाच्या वर्षदिनाची प्रार्थना आहे, पंधरा दिवस गावी."

शेजारच्या टेबलावर फाइलींचा ढीग होता, त्यावर कोट टाकलेला होता. आपली फाईल त्या कोटाखालीच असणार. पाच हातांवर. मला हात लावता आला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काही नाही. पायाच्या चरात पाणी साठलंय, बेडूक झालेत.

६ मार्च, गुरुवार

तुझा फोन आला. तू म्हणालीस, बदल्यांची यादी जुलैअखेर बंद होते. तोवर इमारत ताब्यात आली नाही तर इथली जागा दुसऱ्या दवाखान्याला जाईल आणि तू आणखी चार वर्षं तिकडेच. तुझा आवाज शांत होता. मीही शांतपणे म्हटलं, होईल सगळं. मग फोन ठेवून मी कोंबड्यांना उगीच हुसकावलं.

चार वर्षांनी मी एकोणऐंशीचा होईन.

दुपारी वरच्या आळीतून कळा सुरू झालेल्या एका बाईला पाटावर बसवून चौघांनी खाली नेलं. आपल्या फलकासमोर दम खायला थांबले. त्यातला एक मला म्हणाला, "काका, हिला इथेच ठेवू का, तुम्ही बांधेपर्यंत?" बाई हसली, मग कळ आली. पोचली वेळेवर, असं संध्याकाळी कळलं. मी तोवर जेवलो नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

मंजुरी आली. पण ठेकेदाराने मिक्सर आणि माणसं शाळेच्या कामावर नेली. म्हणतो, मी किती दिवस माणसं बसवून ठेवू, मे महिन्यात येतो. सिमेंटच्या चाळीस गोण्या ओल धरून दगड झाल्या. मी त्यांच्याखाली फळ्या घाला म्हणून सांगितलं होतं. कुणी ऐकत नाही. खडक, कचेरी, पाऊस, ठेकेदार. एकामागून एक. मी फक्त बघत बसायचं.

१३ मे, मंगळवार

अंधारात लिहितोय, अक्षर समजून घे.

मुदत संपली. मुदतवाढ द्यायची तर सगळं पुन्हा मोजावं लागतं, म्हणून केरुबो लांब टेप घेऊन आली. हद्दीच्या दगडापासून मोजत आली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. मग नकाशा गुंडाळला आणि चाहिलूला म्हणाली, "इमारत नऊ मीटर सरकलेली आहे. म्हणून खडक लागला. जिथे मी खुंट्या मारल्या होत्या तिथे माती होती."

चाहिलू खाली वाकून दोरी गुंडाळायला लागला.

"पाया खणण्याआधी तपासणं तुमचं काम होतं. मला हे लिहावं लागेल. ठेकेदार तुम्हाला ठेवणार नाही, आणि काउंटीच्या दुसऱ्या कामावरही घेणार नाहीत."

तिने आणखी एक सांगितलं. तीस जूनला सरकारचं आर्थिक वर्ष संपतं. तोवर जोतं तरी पूर्ण नसेल तर उरलेला निधी परत जातो, आणि मग ही जागा अशीच राहते. तशा इमारती तू पाहिल्या आहेस, भिंतींतून झाडं आलेल्या.

मी तिथेच उभा होतो. बारा पावलं. सहा महिने मी सगळ्यांना दोष देत होतो आणि हे माझ्याच हातांनी झालं होतं. तुझा बाप तोंड मिटून घरी आला.

१४ मे, बुधवार

चाहिलूच्या घरी गेलो. तो अंगणात शेंगा सोलत बसला होता. त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि आत गेली. तिने चहा विचारला नाही, तेव्हाच मी समजलो.

मी म्हटलं, "चाहिलू, त्या खुंट्यांचं."

"मला माहीत आहे, चेअरमन."

"काय माहीत आहे?"

"त्या सोमवारी दोरी सोडताना गाठ बघितली. मळ्यातली गाठ. माझा बाप तशी मारायचा, तोही केरिचोलाच होता. आमच्या पोरांना ती येतच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, खालचा तुकडा गाईला चरायला ठेवताय. म्हटलं, दान देणाऱ्या म्हाताऱ्याने थोडं मागे घेतलं तर घेऊ दे. खडक निघेल हे काय माहीत. आणि निघाल्यावर कुणाच्या तोंडाने सांगू? फलकावर तुमचं नाव आहे."

"काल तरी सांगायचंस."

"तुम्ही तिथेच उभे होता," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

१५ मे, गुरुवार

आज केरुबोला सांगायचं ठरवलं. पण सांगायचं म्हणजे जागा नेमकी सांगितली पाहिजे, नाहीतर ते त्या मुलीच्या जागेवरच खणतील. म्हणून गावच्या आजीकडे, गुकू कागेहाकडे गेलो. त्या दिवशीच्या बायकांपैकी तीच एक उरली आहे. डोळे गेले, पण आवाजावरून ओळखते.

मी आजवर कुणालाही न विचारलेलं विचारलं. तिने काठी चाचपून हातात घेतली. मला वाटलं, पुरुषाने हे विचारू नये म्हणून रागावली.

मग म्हणाली, "तुझ्या जुन्या चुलीच्या खोलीमागे, वळचणीखाली. जिथे तू कोंबड्यांचं खुराडं केलंस."

मी म्हटलं, "झाडाखाली नाही?"

"कुठल्या झाडाखाली?"

"लुसिओलाच्या. कवेत्सा रोज तिथे बसायची."

"तिथे कोण पुरेल, इतक्या लांब, उघड्यावर? बायका घराच्या सावलीतच ठेवतात."

"मग ती तिथे का बसायची?"

म्हातारीने माझ्याकडे तोंड वळवलं. "तिथून रस्ता दिसतो, झकायो. तू महिन्या-महिन्याने यायचास. ती तुझी वाट बघायची."

"मी मळा सोडून कायमचा घरी आलो, त्यानंतरही बसायची."

"तुला बोलवायची तिची पद्धत असेल. तू कधी गेलास का तिच्याजवळ?"

मी नाही म्हणालो. गुकू म्हणाली, "तिने एकदा मला सांगितलं होतं. तो दुरून बघतो आणि परत फिरतो."

घरी येऊन खुराडं हलवलं. खाली काही नाही, जमीन. झाडलं, पाणी शिंपडलं. आणखी काय करतात ते मला माहीत नाही.

१६ मे, शुक्रवार

केरुबोला सगळं सांगितलं. झाडाचं, मुलीचं, गुकूचं. तिने लिहून घेतलं नाही, नुसती ऐकत राहिली.

शेवटी म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"खालीच दुसरा कोपरा होता. टाकी तिकडे हलवणं दहा मिनिटांचं काम होतं. नकाशावर एक रेघ."

मी म्हटलं, अहवालातून चाहिलूचं नाव काढ. ती म्हणाली, तुमच्या तोंडी बोलण्याने नाव निघणार नाही, वर पुरावा लागतो. म्हणतील, मुकादम गावचा आहे, म्हाताऱ्याला पढवलं. तेव्हा मला तुझी वही आठवली. दहा नोव्हेंबरचं पान तिला दाखवलं. ते आणि त्याआधीचं अशी दोन्ही पानं मी फाडणार होतो, सहा महिने फाडली नाहीत. तिने फोनमध्ये खुंट्यांच्या पानाचा फोटो काढला. नऊ तारखेचं पान मात्र तिने स्वतःच उलटून टाकलं आणि म्हणाली, "हे कचेरीला नको."

२९ मे, गुरुवार

समितीपुढे उभा राहून सगळ्यांना सांगितलं, म्हणजे खुंट्यांचं सांगितलं. एकजण म्हणाला, "तरीच म्हटलं, अगुफानाचं पोट त्या रविवारीच कसं बिघडलं." शेजारीण म्हणाली, "माझी पेज परत दे." मी अध्यक्षपद सोडलं. फलकावरून नाव पुसायला गेलो तर रंग चांगला लागलाय, निघत नाही.

चाहिलू कामावर परत आला. जुन्या जागी चर मारला. नुसती माती, लोण्यासारखी. सगळा पाया चार दिवसांत खणून झाला. ज्याला सहा महिने लागत होते.

२७ जून, शुक्रवार

जोतं काल पूर्ण झालं. चार दिवस उरले असताना. केरुबोने मोजलं, सही केली, आणि स्वतः कागद घेऊन कचेरीत गेली. निधी पुढच्या वर्षात ओढता येईल का, ते वरचे ठरवणार. ती म्हणते, बहुतेक येईल. भिंती आणि छत ऑक्टोबरपर्यंत. तुझी यादी जुलैत बंद होते. केरुबोने आरोग्य खात्याला लिहिलं आहे की इमारत येते आहे, जागा धरून ठेवा. ते धरतील की नाही माहीत नाही. हे माझ्यामुळे झालं, चाहिलूमुळे नाही, खडकामुळेही नाही. तुला दुसऱ्या कुणाला विचारावं लागू नये म्हणून मीच लिहितो.

टाकीची एक गोष्ट राहिली. नव्या आखणीत केरुबोने ती झाडापासून काढून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. मी म्हटलं, मुली, आता गरज नाही, झाडाखाली काही नाही. ती म्हणाली, "सावली चांगली आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

ही वही उद्याच्या बसने तुझ्याकडे पाठवतो आहे, पूर्ण, एकही पान न फाडता. नऊ नोव्हेंबरचं पानही वाच. तुला बहीण होती. तिची जागा आता झाडून स्वच्छ आहे. तू आलीस की दाखवेन. कोंबड्या दुसरीकडे नेल्या.

संध्याकाळी मी लुसिओलाखाली बसतो. गुकू खरं बोलली, रस्ता दिसतो, पार चर्चच्या वळणापर्यंत. मोम्बासाची बस जिथे माणसं उतरवते तो दगडही दिसतो. तू बदलीचा अर्ज मागे घेऊ नकोस. रागावली असशील तर तेही कळव, पण कळव, लवकर. मी तिथेच बसलेला असेन.